बर्फातली किल्ली

माझ्या पहिल्यावहिल्या फ्रीजमध्ये मी एकदाही आईस्क्रीम लावलं नाही. लावायला जागाच नव्हती. वरच्या बर्फाच्या कप्प्यात आमच्या घरमालकांचा स्टीलचा डबा ठाण मांडून बसलेला असायचा. डब्यात पाणी, पाण्यात किल्ली. सकाळी कामावर जाताना ठेवून जायचे, संध्याकाळी आले की घेऊन जायचे. फ्रीज माझा, लाइटचं बिल माझं, आणि राज्य कोणाचं, तर त्या डब्याचं! माझ्या हातून कप्प्याचं दार जरा उघडं राहिलं तरी संध्याकाळी जिन्यावर उभं राहून मलाच ऐकवायचे, "बाय, आजचा बर्फ कच्चा हाय. आतून पाणीच पाणी. पाणी उकळून गार केलंस का तू?"

म्हणजे त्यांच्या डब्यातलं पाणीसुद्धा मी उकळायचं. का, तर उकळलेल्या पाण्याचा बर्फ टणक होतो म्हणे. नवीन लग्न झालेलं, तोंड उघडायची चोरी. नाहीतर डबा जिन्यावरून खाली भिरकावला असता.

ते बदलापूर गावातले मूळचे, पण घर बांधलं बेलवलीत. खाली ते आणि काकू, वर आम्ही भाडेकरू. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फोरमन होते आणि त्याच कारखान्यात आमचे हे ऑफिसात. तिथल्या ओळखीनेच आम्हाला खोली मिळाली होती. मी घरी बसून उल्हासनगरच्या एका सेठच्या जीन पँटींचे धागे कापायची आणि बटणं लावायची. त्याच कमाईतून उल्हासनगर कॅम्पाच्या बाजारातून जुना फ्रीज घेतला. आळीतला तिसरा का चौथा फ्रीज असेल. हमालांनी तो वर चढवला तेव्हा घरमालक स्वतः पुढे होऊन खांदा देत होते. मी मनात म्हटलं, काय भला माणूस आहे! दुसऱ्या दिवशी सकाळी भला माणूस डबा घेऊन दारात हजर.

"किल्ली कशाला हो बर्फात?" मी विचारलं.

"माझ्या पायाची हाय," ते म्हणाले आणि चपला घालून कामावर गेले. मला वाटलं, सासरच्यांनी मला वेड्याच्या घरात आणून टाकलं.

मग काकूंनी सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. काकू शहापूरकडच्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. घरमालक प्यायचे. थोडंथोडकं नाही, कामावरून सुटले की स्टेशनाजवळच्या देशीच्या गुत्त्यात, आणि तिथून कोणीतरी आणून सोडायचं. एकदा लेकीला ताप भरला. डोळे फिरवले पोरीने. "रिक्षा घेऊन येतो" म्हणून हे धावत गेले. रिक्षाचा थांबा नेमका गुत्त्यासमोर. काकू पोरीला मांडीवर घेऊन वाट बघत बसल्या. रिक्षा आली नाही. शेवटी पोरीला खांद्यावर टाकून काकू डॉक्टरकडे चालत गेल्या. पोर वाचली, आता मुरबाडला नांदतेय. पण पोर बरी झाल्यावर काकू तिला घेऊन भावाकडे निघून गेल्या त्या गेल्याच.

"मग परत कशा आलात?"

"हे आले न्यायला. साखळी, कुलूप सगळं पिशवीत घालून. म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नको, याच्यावर ठेव." काकूंनी सुपातला खडा काढून टाकला. "तसाच ठेवलाय. बर्फावर. यांच्यावर नाही. एक दिवस जरी पुन्हा गेले, की मी शहापूरला. परत यायची नाही."

तर असं होतं सगळं. जवळच्या चामटोली गावातल्या गोठ्यातली गायीची साखळी. तिचं एक टोक पडवीच्या लोखंडी खांबाला कायमचं जोडून टाकलेलं. दुसऱ्या टोकाचा वेढा घोट्याला, आणि वेढ्याला कुलूप. आपल्या हातानेच लावायचं. बर्फाचा गोळा गोणपाटात गुंडाळून पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला, शिंक्यात. किल्लीला लांब दोरा, दोऱ्याचं टोक यांच्या हातात. बर्फ आहे तोवर किल्ली अडकलेली. बर्फ वितळला की दोरा सैल पडायचा, किल्ली शिंक्यातून निसटायची आणि फरशीवर वाजायची. तो आवाज आला की काकू आतून ताट वाढायला घ्यायच्या. जेवण झालं की यांची तलफ मरायची. "संध्याकाळ तेवढी वाईट गो बाय. संध्याकाळ टळली की मी माणूस," असं म्हणायचे.

बर्फापर्यंत पोचण्याआधी या माणसाने काय काय करून पाहिलं होतं, ते ऐकाल तर कपाळावर हात माराल. आधी मेणबत्ती. मेणबत्तीच्या पोटाला दोरा बांधायचा, जळत जळत ज्योत दोऱ्यापर्यंत आली की दोरा जळणार आणि किल्ली पडणार. किल्ली पडली, पण काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्याला ठिणगी लागली. मग गजराचं घड्याळ. गजर वाजताना घड्याळाच्या पाठीवरची चावी फिरते ना, तिला दोरा गुंडाळायचा. ते एकदा मध्येच बंद पडलं, किल्ली भिंतीच्या फटीत अडकली आणि हे खांबाशी उपाशी बसून राहिले, शेवटी काकूंना लोहार बोलावून आणावा लागला. मग कोणाच्या तरी लग्नात भटजींचं घटिकापात्र पाहून आले. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, भरली की बुडते. वाटीला किल्ली बांधली. पण शेजारची मांजर येऊन पाणी प्यायली, वाटी कलंडली आणि हे वेळेआधीच मोकळे झाले.

"मग? गेलात का?" मी विचारलं होतं.

"नाय गो. मांजरीला घालवली, परत पाणी भरलं, परत वाटी सोडली."

हे ऐकून तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. मी म्हटलं, काय हा खुळेपणा!

कुलपाचीही एक कथा आहे. ते कॅम्पात हातगाडीवर घेतलेलं. एक म्हातारा सिंधी विकायचा. चार घेतली तर स्वस्त, म्हणून यांनी चार उचलली. एक पायाला, एक त्यांच्या पत्र्याच्या पेटीला, एक अंगणाच्या फाटकाला आणि एक आमच्या खोलीला. प्रत्येकाला दोन किल्ल्या. पायाच्या कुलपाची दुसरी किल्ली त्यांनी उल्हास नदीवर काकूंना नेऊन, नारळ फोडून, काकूंच्या डोळ्यांसमोर पाण्यात टाकली. पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला, फाटकाची काकूंच्या कमरेला, खोलीची माझ्या पर्समध्ये. "कुलूप चोरासाठी नसतं बाय, मालकासाठी असतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. एवढ्या वेळा ऐकलंय की मला झोपेत म्हणता येईल.

आणि या सगळ्याची वाच्यता बाहेर नाही करायची! बाहेर सांगायचं, काकांचा पाय मुरगळलाय. रोज संध्याकाळी पडवीत खुर्ची टाकून, घोट्यावर पंचा पांघरून, पेपर तोंडासमोर धरून बसायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "काय काका, पाय कसा आहे?" "आहे, चाललंय." सकाळी हाच माणूस तरातरा स्टेशनावर जायचा ते कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हतं का, देव जाणे. बदलापूर म्हणजे औषधं सांगण्याची हौस असलेलं गाव. कोणी मोहाचं तेल आणलं, कोणी करंजाचं, कोणी कोंबडीच्या चरबीचं काहीतरी, ज्याला असा वास यायचा की माझ्या खोलीत उदबत्ती लावावी लागायची. सगळ्या बाटल्या काकूंच्या फळीवर ओळीने. एका सुट्टीच्या दिवशी चामटोलीहून हाडवैद्य आला. बरं, साखळी लावायची वेळ झाली नव्हती म्हणून वाचलो. त्याने धडधाकट पाय धरून असा काही पिळला की यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वरच्या गॅलरीत तोंडात पदर कोंबून उभी. दुसऱ्या दिवशी पाय खरंच मुरगळलेला होता. डबा ठेवायला लंगडत वर आले आणि वर मलाच म्हणाले, "हसतेस काय? पाणी उकळ."

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत सांगा. माझी आई राहायला आली की विचारायची, "तुझ्या फ्रीजमध्ये थंड पाणी का नसतं गं?" बाटल्या ठेवल्या की फ्रीजवर ताण येतो, आणि ताण आला की बर्फ कच्चा. भावजय आली, तिला कुल्फी करायची होती. नणंद आली, तिने डब्यातली किल्ली बघून सासूबाईंना सांगितलं की वहिनी करणी-बिरणी करते. हे सगळं मी का सोसलं, तर आमच्या ह्यांना म्हणे घरमालकांचं कौतुक! "अगं, कारखान्यात या माणसाचा शब्द म्हणजे शब्द." मी म्हणायची, मग शब्द ठेवा डब्यात आणि माझा फ्रीज मोकळा करा.

आणि साहेबांचा तो प्रसंग! एकदा ऑफिसला सुट्टी होती, कारखाना मात्र चालू; तेव्हा ह्यांचे साहेब अचानक घरी आले, बायकोला घेऊन. उन्हाळ्याचे दिवस. मी कोकम सरबत केलं आणि शेजारी साखर मागायला गेले. तेवढ्यात आमच्या ह्यांना पाहुणचाराचा उमाळा आला. डबा काढला, बर्फ फोडला, गेले ग्लास भरत. मी परत आले तर साहेब चमच्याने ग्लासातून किल्ली काढत होते. फार सभ्य माणूस. रुमालाने पुसली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वहिनी, असं घराची किल्ली देऊन स्वागत आजवर कोणी केलं नव्हतं." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेब गेले आणि संध्याकाळी घरमालक आले. मी रिकामा डबा पुढे केला. वाटलं, आता शिव्या देतील. पण ते नुसते डब्यात बघत राहिले. मग जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. "मग आज काय करू?" म्हणाले. बस, एवढंच. आवाज असा की मला माझ्या रागाची लाज वाटावी. आमच्या ह्यांनी त्यांचा हात धरून वर आणलं. जेवणाची वेळ होईपर्यंत आम्ही तिघं पत्ते खेळत बसलो. त्यांच्या मानेवरून घाम, आणि सारखं "पाणी दे बाय, पाणी दे." खालून काकू दोन-तीनदा नुसत्या येऊन बघून गेल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ती एक संध्याकाळ मी त्या डब्यावर चिडले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिडले, कारण आता पाणी दोनदा उकळायचा हुकूम झाला होता.

त्यातून आमचा शुक्रवार. अंबरनाथच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी आणि लाइटही शुक्रवारीच जायची. म्हणजे ज्या दिवशी माणूस अख्खा दिवस घरात, नेमका त्याच दिवशी फ्रीज मेलेला. शुक्रवारी ते सकाळी सायकल काढून उल्हासनगरला जायचे आणि बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा गोणपाटात, भुसा घालून आणायचे. गिरमिटाने लादीला भोक पाडायचं, किल्ली आत सोडायची, वरून पाणी ओतायचं. दुपारचं जेवण झालं की खांबाशी. लादी संध्याकाळ पार करून द्यायची. मला शुक्रवार आवडायचा. शुक्रवारी माझा फ्रीज बंद का असेना, माझा असायचा.

अशाच एका शुक्रवारी दुपार कलताना मी वर बटणं लावत बसले होते. आमचे हे कल्याणला गेलेले. लादी नुकतीच शिंक्यात चढली होती, दोरा ताणलेला. एकदम मागच्या न्हाणीकडून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ काकूंची किंकाळी. काकू ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या.

सुई तशीच टाकून मी जिना उतरले. उतरताना डोक्यात एकच, हा बाबा खांबाला बांधलेला, याचा काय उपयोग? आधी लादी फोडायला हवी. म्हणून जिन्याखालचा वरवंटा उचलला आणि पडवीत धावले. बघते तर खुर्ची रिकामी. साखळी खांबापाशी पडलेली, कुलूप उघडं. पंचा खाली. आणि लादी? लादी शिंक्यात जशीच्या तशी, किल्ली आत. वरवंटा हातात घेऊन मी खुळ्यासारखी त्या लादीकडे बघत राहिले.

मागे न्हाणीत घरमालक काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. शेवाळावरून पाय घसरला होता. पाय असा वाकडा झालेला की बघवत नव्हतं. काकूंनी डोळे उघडले, आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग त्यांच्या घोट्याकडे. मोकळ्या घोट्याकडे. त्या वेदनेतसुद्धा त्यांना ते दिसलं.

"बाय, हिच्यापाशी बस. मी रिक्षा घेऊन येतो," ते म्हणाले आणि तसेच पळाले. अंगात बनियन, पायात चप्पल नाही.

रिक्षा घेऊन येतो. ते शब्द ऐकले मात्र, काकूंनी माझा हात असा आवळला की बांगडी पिचली.

काकूंच्या पायाखाली उशी दिली, पाणी पाजलं. वेळ जाईना. फाटक वाजलं की बघायची, तर दूधवाला. एरवी याच वेळी ते बांधलेले असत. ज्या वेळेसाठी एवढा सगळा खटाटोप, ती वेळ, आणि हा माणूस मोकळा, एकटा, गुत्त्यासमोरच्या थांब्यावर. मला तर मनातल्या मनात त्यांना धरून बदडावंसं वाटत होतं. अहो, शेजारच्या कोणाला पाठवायचं होतंत ना! आपणच कशाला गेलात?

"गेले ते," काकू म्हणाल्या. अगदी शांतपणे. "तू शेजारच्यांना बोलाव. मागच्या वेळी खांद्यावर पोर होती, चालता येत होतं. आज मला नाही चालता यायचं."

"येतील हो काकू."

"साखळी सुटली ना? किल्ली कुठून आणली त्यांनी?" मग थांबून म्हणाल्या, "म्हणजे रोजच मोकळे होते का गं ते?"

मी उठले, शेजारी हाक मारायला फाटकापर्यंत आले, आणि कोपऱ्यावरून रिक्षाचा हॉर्न. पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धं अंग बाहेर काढून आमचे घरमालक, लोकांना हाताने बाजूला सारतायत. मला रडूच फुटलं. फाटकाला धरून मी मोठ्याने रडले.

ड्रायव्हर आळीतलाच होता. काकूंना उचलताना सांगत होता, "वहिनी, थांब्यावर एक रिक्षा नव्हती. मी आत गुत्त्यात चणे खात बसलेलो. काका आत घुसले, माझी कॉलर धरली. गुत्त्याचा सेठ म्हणतो, या काका, किती वर्षांनी, बसा. काकांनी त्याच्याकडे बघितलं पण नाय. मला असा ओढला, चणे सांडले सगळे." आणि मग मागे वळून, "पण काका, तुमचा पाय? तुम्ही तर हरणासारखे पळत होतात!"

उल्हासनगरच्या दवाखान्यात काकूंचं हाड बसवलं, प्लास्टर घातलं. पाय बरा व्हायला वेळ लागेल म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं. आळीतली सगळी येऊन गेली, आणि प्रत्येकाने काकूंची चौकशी करून झाल्यावर घरमालकांच्या पायाकडे तिरक्या नजरेने बघितलं. हे आपले पेपर तोंडापुढे धरून.

मी वाटच बघत होते गर्दी ओसरायची. सगळे गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "किल्ली कुठली?" म्हटलं.

त्यांनी निमूटपणे करगोटा दाखवला. पेटीची किल्ली.

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि माझा तिळपापड झाला. मी वर गेले, पर्समधून माझ्या खोलीची किल्ली आणली, पडवीतलं ते कुलूप उचललं आणि लावली. खट्कन उघडलं! फाटकाची लावली असती तरी उघडलं असतं. कॅम्पातली चार कुलपं, चारही एका किल्लीची. म्हणजे इतकी वर्षं पायाच्या कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये, काकूंच्या कमरेला आणि खुद्द यांच्या पोटावर! आणि मी इथे पाणी उकळतेय!

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या महिन्यापासून," ते खाली बघत म्हणाले. "एकदा पेटीची किल्ली चुकून लागली."

"आणि गप्प बसलात? मग माझा फ्रीज कशाला नासवलात? माझी आई, माझी नणंद, ते साहेब! कुलूप बदलायचं तरी!"

"बदलायला निघालो होतो बाय. सायकल काढली होती. मग वाटलं, मी असा अडकलेला नि हिला काय झालं तर? एकदा अशी वेळ आली होती." "तेव्हा मी नव्हतो. म्हणून म्हटलं, ही किल्ली ऱ्हाऊ दे. हिच्यासाठी."

"आणि तलफ आली की? हात जात नव्हता तिच्याकडे?"

"रोज जायचा."

"मग?"

"मग काय? बर्फ वितळायचा व्हता ना अजून," ते म्हणाले. जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं.

मी काकूंकडे वळले. त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, प्लास्टरचा पाय उशीवर. मला वाटलं झोपल्यात. पण खांदे हलत होते. घरमालक उठून त्यांच्या पायथ्याशी गेले आणि फळीवरची ती मोहाच्या तेलाची बाटली उघडून, प्लास्टरबाहेरच्या बोटांना तेल चोळत बसले. करगोट्याची किल्ली सोडून त्यांनी आधीच खाटेच्या कडेवर ठेवली होती, काकूंच्या हाताशी. "हे घे," म्हणाले. "आता तुझ्यापाशी ठेव."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. किल्ली उचलली, जरा वेळ मुठीत धरली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"असू दे तुमच्याकडेच," म्हणाल्या. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत काकूंनी स्वतः होऊन माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. डबा आणायचा तो ते आणायचे, न्यायचा तो ते न्यायचे. "तुझ्या फ्रीजमध्ये उद्या जागा आहे का गं?"

"नाहीये!" मी म्हटलं. "मी उद्या कुल्फी लावणार आहे."

आणि फळीवरचा डबा उचलून, पाणी उकळायला वर गेले.